बहिरा बैल

तिफण तासाच्या तोंडाशी उभी होती आणि बैल हलत नव्हता.

हस्ताच्या पावसानं रान भिजलं होतं. वर ऊन पडून वापसा आला होता. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हायचा आणि बोटानं टोचली की सुटायची. ज्वारीला अशीच ओल लागते. आष्टीकडची ही हलकी, मुरमाड जमीन. ओल आज वर असते, उद्या बोटभर खाली जाते, आठवड्याभरात हाती लागत नाही. भोवतीच्या शिवारात कुठं ट्रॅक्टर घरघरत होता, कुठं तिफणी चालल्या होत्या. उत्तरेश्वरच्या तुकड्याला चारी बाजूंनी लोकांच्या तुरी उभ्या होत्या. ट्रॅक्टर शिरायला वाट नव्हती. बैलावाचून पेरणी होणार नव्हती.

"चल बे! चल, पाखऱ्या!"

चांद्या जुना बैल. त्यानं खांदा दिला, पुढं पाऊल टाकलं. जू तिरकं झालं, तिफण फिरली, तिचा एक फण मातीतून वर आला. नवा पाखऱ्या खांबासारखा उभा. मागून बी सोडणाऱ्या उत्तरेश्वरच्या बायकोनं, दीपमालानं, चाड्यावरची मूठ आवळली. तरी ओटीतले दाणे चार बाजूंना सांडले.

आसूड वाजला. पांढऱ्या कातडीवर लाल रेघ उठली. कातडी थरथरली, बैल थरथरला, पण जागचा हलला नाही. मान वर करून तो कुठंतरी लांब बघत होता. गर्दीच्या स्टँडवर आपल्या गाडीची वाट बघत उभं राहिलेलं माणूस दिसावं, तसा.

पलीकडच्या बांधावरून भागवत ओरडला, "उत्त्या, बैल घेतला का पाव्हणा आणला बे? च्या दे की त्याला!"

"तू तुजं बघ ना भागवत."

"मी बघायलोच की. सकाळधरनं बघायलोय, एक तास सरळ न्हाई पडला तुजा. कान धुवून बघ त्याचे. बहिरा दिसतोय."

बहिरा. दुपारपर्यंत तो शब्द गावात पोचला. उत्तरेश्वरच्या पदरात पंडित दलालानं बहिरा बैल बांधला.

पोळ्याच्या आधी चांद्याचा जोडीदार लंपीनं गेला होता. अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले, खाली बसला तो उठलाच नाही. मग पंडितानं हा बैल आणून दिला. ट्रकातून उतरला तेव्हा अंगाला लांबच्या तांबड्या मातीचा वास होता. ऐन पावसात औताचं काम नव्हतं, म्हणून कोणी पारख केली नाही. दात बघितले, खूर बघितले, शेपटीचा गोंडा बघितला. हाक मारून कोणी बघितलं नाही. बैल घेताना बैलाला हाक कोण मारतं?

घरी आल्यावर उत्तरेश्वरच्या आईनं, वत्सलाबाईंनी, त्याचं नाव ठेवलं, पाखऱ्या. त्याचं आधीचं नाव कोणी विचारलं नव्हतं.

दीपमालाचंही कोणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात नवऱ्यानं बोटानं नवं नाव काढलं, भटजीनं मोठ्यानं वाचलं, आणि विजापुराकडची नीलव्वा दीपमाला झाली. उत्तरेश्वर तिकडं ऊसतोडीला गेला होता, तिथंच जमलं. इकडं मुली मिळत नव्हत्या, तिकडं तिच्या बापाला चार पोरी उजवायच्या होत्या. पहिल्या वर्षी ती नुसती ऐकायची. बायका नळावर हसल्या की तीही हसायची, आपल्यालाच हसल्यात हे कळायचं तरी. हळूहळू मराठी अंगवळणी पडली. भाकरीचा अंदाज यावा तशी आली. मनातलं बोलायला मात्र फोन होता. घरामागच्या बाभळीखाली रेंज यायची. तिथं उभी राहून ती आईशी बोलायची. आईला ती अव्वा म्हणायची.

अव्वा मागच्या उन्हाळ्यात गेली. फोन राहिला, पण बाभळीखाली जायचं कारण राहिलं नाही.

आणि घरात ती कानडी बोली बंद होती. ते वत्सलाबाईंनी ठरवलं होतं, तेही रागानं नाही. नात वैष्णवी अंगणवाडीत पाणी मागताना 'नीरु' म्हणाली. पोरांनी 'नीरु, नीरु' करत तिला गल्लीभर पळवली. पोरगी रडत आली, परकर ओला करून. वत्सलाबाईंनी तिला धुतलं, पुसलं, आणि सुनेला म्हणाल्या, "दीपे, लेकराच्या कानावर ती बोली नगं. तुजं झालं ते झालं. तिला ह्याच मुलकात जगायचंय."

"व्हय आत्याबाई," दीपमाला म्हणाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी उत्तरेश्वरनं जू सोडलं तेव्हा रान निम्मंसुद्धा पेरून झालं नव्हतं. मारून, ओढून जेवढं पेरलं तेही वाकडंतिकडं. तो हात न धुता ओट्यावर बसला. तळव्याला आसुडाच्या मुठीनं फोड आला होता, तो दातानं फोडत होता.

"पंडितला सांगावा धाडलाय. बाजाराच्या दिशी घालवतो ह्याला."

"बहिरा बैल घेतं कोण?" वत्सलाबाई सूप थांबवून म्हणाल्या.

"औताला न्हाई घेत कोन." एवढंच बोलून त्यानं तांब्या तोंडाला लावला.

दीपमाला चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही.

कारण बैल बहिरा नव्हता हे तिला माहीत होतं. पोळा होऊन गेल्यावर एका पहाटे ती शेण काढत होती. बैल दावणीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा. बादली पुढं सारताना तिच्या तोंडून, ध्यानीमनी नसताना, निघून गेलं: "बारो. नीर कुडी."

ये रे. पाणी पी.

बैलानं मान वळवली. दोन्ही कान तिच्याकडं झाले. तो आला, बादलीत तोंड घातलं, आणि पाणी पिता पिता डोळा वर करून तिच्याकडं बघत राहिला. दीपमालाच्या हातातला खराटा गळाला. ती खालीच बसली, ओल्या शेणात. कितीतरी वेळ बसली.

तेव्हापासून पहाटेचं शेण काढायला तिला वेळ लागायचा. ती त्याला बसव्या म्हणायची. तिच्या गावाकडं घरटी एक बसव्या असतोच, आणि हा त्या नावाला कान द्यायचा. त्याच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत ती बोलायची. "ऊट आतेन?" जेवलास का? पायाला भेग पडलीय ते सांगायची. अव्वाच्या चुलीचा धूर कोणत्या बाजूला जायचा ते सांगायची. नवऱ्याची तक्रार करायची, मग नवरा वाईट नाही हेही सांगायची. बैल रवंथ करायचा. मधेच कान हलवायचा. तेवढं पुरायचं. बांधात कोंडलेलं पाणी पाटाला सोडावं, तसं ती सकाळी सकाळी मोकळी व्हायची आणि दिवसभर मराठीत राबायची.

हे तिनं घरात सांगितलं नाही. घरात ती बोली बंद होती. आणि खरं कारण त्याहून साधं होतं: हे तिचं एकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित आला. खांद्यावर मळका रुमाल, तोंडात तंबाखूची गोळी. बैलाच्या कानाशी त्यानं टाळी वाजवली. बैल दचकला.

"ऐकू येतंय की बे ह्याला."

"मंग चालत कावून न्हाई?"

"आता हे मला कसं ठावं? डोक्यात फरक आसंल. जनावराला बी आसतो." पंडितानं बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, मांस चाचपलं. "भरलाय चांगला. बघतो. बाजारला एक जन येतोय, त्याला औताशी घेणंदेणं न्हाई."

दीपमाला दारात उभी होती. पंडिताचं बोट बैलाच्या पुठ्ठ्यावर कुठं कुठं दाबतंय, तेच बघत होती.

"तवर शेजारचा एखादा बैल भेटतोय का बघ," पंडित जाता जाता म्हणाला.

बैल कोण देणार? ज्याचा त्याचा वापसा चालला होता. उत्तरेश्वर गावात दोन घरी जाऊन आला. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं तोही नाही. परत येऊन त्यानं पुन्हा पाखऱ्यालाच जुंपलं. ऊन चढत होतं. मातीच्या वरच्या अंगाला पापुद्रा धरू लागला होता, पायाखाली बारीक आवाज करून तो मोडत होता.

"चल!"

चांद्या चालला. पाखऱ्या उभा.

उत्तरेश्वरनं आसूड उचलला, मग टाकून दिला. बांधावरून काठी आणली, बोरीची, गाठी असलेली. दीपमालानं ती काठी बघितली. तिनं चाड्यावरची मूठ काढली.

"आवो, थांबा."

"सर तू बाजूला."

"थांबा म्हनते ना." आणि मग स्वच्छ, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "बसव्या. नडी."

बैलानं खांदा दिला.

तिफण मातीत बसली, तीन फणांनी तीन रेघा ओढत चालू लागली. उत्तरेश्वरच्या हातात काठी तशीच. दीपमाला धावत जाऊन चाड्याला भिडली, मुठीतून दाणे सोडू लागली. "नडी, नडी, बसव्या." दाणे नळ्यांतून सरसर उतरत होते. बांध आला. "निंदरु." बैल थांबला. चांद्याला काहीच कळलं नाही, पण जोडीदार थांबला म्हणून तोही थांबला.

उत्तरेश्वर मागून चालत आला.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

तिनं चाड्यात अडकलेला दाणा बोटानं खाली सारला.

"मी मारीत हुतो त्याला काल. दिवसभर. तू बघत हुतीस."

"तुमीच म्हनलाव, ती बोली नगं."

"मी न्हाई, आई म्हनली."

"घर म्हनलं," दीपमाला म्हणाली.

तेवढ्यात पलीकडून भागवतची हाक आली. त्यानं सगळं बघितलं होतं. "वा रे पठ्ठे! बायको हाकायली आन् गडी मागं मागं! उत्त्या, आता लुगडं तेवढं बदलून घ्या दोघं!" त्याच्या रानातल्या बायका खुरपी तोंडाशी धरून हसल्या.

उत्तरेश्वरचे कान तापले. त्या दिवशी रान निम्म्यावर आलं, तास दोरी धरल्यासारखे सरळ पडले, पण त्यानं बांधाकडं मान वर केली नाही. दुपारच्या भाकरीला बांधाआड बसला असताना, भागवत दिसत नाही हे बघून, बैलाकडं तोंड करून तो हळूच म्हणाला, "नडी." बैलानं एक कान वळवला आणि तसाच उभा राहिला. माणसानं आपलं नाव चुकीचं घेतलेलं ऐकावं, आणि दुरुस्त करायचा कंटाळा यावा, तसा.

"झोकात म्हना. डी लांबवा थोडं," दीपमाला म्हणाली.

"मपल्या रानात, मपल्या बैलाला, मी दुसऱ्याची बोली बोलू?"

दीपमालानं कांदा फोडला. त्याचं वरचं साल काढून बाजूला ठेवलं. ही सगळी बोलणी ती मराठीतच ऐकत होती.

संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं. आवाज चढवून नाही, दमलेला होता. "दीपे, ऐक. दिवाळीमागं ऊसतोडीला गाडी जुंपायची हाय. औंदा कोल्हापूरकडं. फडात तू कोयता धरशील, मोळ्या बांधशील का बैलामागं पळशील? रात म्हनू नगं, पहाट म्हनू नगं, गाडी मलाच हाकायचीय. घाटात बैलानं माजं ऐकलं न्हाई तर गाडी माज्यावरनं जाईल. तुला हे कळतंय का न्हाई?"

तिला कळत होतं. मागच्याच्या मागच्या साली एकाचं तसंच झालेलं तिनं बघितलं होतं.

"बाजारापतोर बघतो. आपल्या बोलीत चालला तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर पंडित नेईल."

"कोन शिकवनार त्याला?"

उत्तरेश्वरनं कासरा तिच्या पुढ्यात ठेवला. दुसरं कोण होतं?

पहाटे ती गोठ्यात गेली तेव्हा बसव्या तिला बघून उठला. पहिल्यांदाच ती त्याच्याशी काही बोलली नाही. कासरा धरला, दोन बांधांमधल्या पांदीत नेलं. धुकं होतं, हरळी ओली होती.

"नडी," ती म्हणाली. तो चालला. चालता चालता तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला. "चल." पुन्हा. "नडी. चल." पुन्हा. "निंदरु. थांब." थांबला की खडीसाखरेचा खडा. मग हळूहळू पहिला शब्द बारीक करत गेली, दुसरा मोठा. पहिला ओठात, दुसरा मोकळ्या आवाजात. मग पहिला नुसता श्वासात. आंधळ्याला हात धरून नवं घर दाखवावं, आणि एकेक बोट सोडवत जावं, तसं.

तो चुकायचा. 'चल' म्हटलं की थांबून तिच्या तोंडाकडं बघायचा. त्या वेळी तिला वाटायचं, आपल्या बोलीत सांगून टाकावं. पण पुठ्ठ्यावर दाबणारं पंडिताचं बोट तिला आठवायचं. ती पुन्हा म्हणायची, "चल."

सकाळी पांदीत शिकवायची, दिवसभर रानात. मग उत्तरेश्वर पुढं उभा राहायचा आणि ती मागं, आणि तो म्हणायचा "चल" आणि ती बैलाच्या बगलेला बोट लावायची. मग बोटही काढलं.

वत्सलाबाई हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. एका दुपारी गुडघे धरत गोठ्यात आल्या. दीपमाला बैलाच्या वळांना हळद-तेल लावत होती. म्हातारी दावणीच्या दगडावर बसली. तिला ओव्यांची सवय. गप्प बसणं जमायचं नाही, म्हणून आपल्याशीच गुणगुणली:

लेक निघाली नांदाया, गाडी येशीच्या भाईर
संगं आलं लुगडं, मागं ऱ्हायलं म्हाईर

मग म्हणाली, "दीपे, मी बी परळीकडची हाय. हितं आले तवा माज्या बोलन्याला हसायचे गं. जावा तर लईच. आमच्याकडं, ते… चूल सारवायचं फडकं आसतं ना, त्याला येगळंच म्हनायचे. मी म्हनले की साऱ्या फिदीफिदी. मग सोडलं म्हनायचं."

"काय म्हनायचे, आत्याबाई?"

वत्सलाबाईंनी तोंड उघडलं. थांबल्या. डोळे बारीक केले. हाताची बोटं चुलीवर फडकं फिरवावं तशी हलली, तो शब्द हाताला आठवत होता.

"आगं… हितं हाय जिभेवर. माजी माय म्हनायची की, आन गं ते…" आणि पुन्हा थांबल्या. वाऱ्यानं पत्रा वाजला. बैलानं शेपटी मारली. वत्सलाबाई तशाच बसून राहिल्या, तोंड अर्धं उघडं.

"न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "गेला."

उठताना त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला. खांद्यावरचा हात जरा वेळ तिथंच राहिला. "तू त्याच्याशी बोलत जा," त्या म्हणाल्या. "मी ऐकत न्हाई." आणि भिंत धरत धरत घरात गेल्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी पंडित दोर घेऊनच आला. उत्तरेश्वरनं त्याला ओट्यावर बसवलं नाही, रानात नेलं. भागवतही बांधावर येऊन उकिडवा बसला. तमाशा चुकवायचा नव्हता. रानाचा शेवटचा तुकडा राहिला होता. ओल खाली गेली होती, पण होती; उत्तरेश्वरनं बोट खुपसून बघितलं.

दीपमालानं ओटीत ज्वारी घेतली, चाड्यावर मूठ धरली. आणि ओठ घट्ट मिटले.

उत्तरेश्वरनं कासरा हाती घेतला. गळा साफ केला.

"चल, पाखऱ्या."

बैलानं कान मागं केले. एक क्षण गेला. दीपमालाला त्याच्या पाठीचा कणा दिसत होता. त्याच्यावरून एक थरथर मानेपासून शेपटीपर्यंत गेली. त्यानं किंचित मान वळवून मागं बघितलं, तिच्याकडं. ती जमिनीकडं बघत राहिली.

बैल चालला.

तिन्ही फण मातीत उतरले. दाणे सरसरले. "थांब." थांबला. "फीर." फिरला. "चल." भागवतनं बिडी विझवली आणि उठून आपल्या रानाकडं गेला. पंडितानं दोर खांद्यावर टाकला. "म्हनलं नव्हतं, बैल चांगला हाय!" असं म्हणून तो हसत हसत पांदीला लागला.

उत्तरेश्वर खुशीत होता. अंगणात वैष्णवीला उचलून त्यानं बैलाच्या पाठीवर बसवलं. "म्हन, चल पाखऱ्या!" पोरगी किंचाळली, "चल पाखऱ्या!" आणि बैल तिला घेऊन अंगणभर हळू फिरला. वत्सलाबाई हसल्या. मग पोरगी उतरून आत पळाली, उत्तरेश्वर पारावर गेला, आणि दिवस मावळताना दीपमाला बादली घेऊन गोठ्यात आली.

बैल बसला होता. दमला होता; डोळ्याच्या कोपऱ्यात माती ओली होऊन चिकटली होती. दीपमालानं इकडं तिकडं बघितलं. कोणी नव्हतं.

"बारो," ती म्हणाली.

तो रवंथ करत राहिला. मग रवंथ थांबला. कान हलले, एक पुढं, एक मागं. त्यानं तिच्याकडं बघितलं, उशिरा, जत्रेत एखादा चेहरा दिसावा आणि कुठं बघितलाय ते आठवू नये तसं. पुढचे पाय उठायला आले, अर्धे वाकले.

दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तो उठला असता. तिला ते दिसत होतं. तो उठला असता, आला असता, आणि उद्या घाटात, गाडीत ऊस भरलेला असताना, नवऱ्याच्या हाकेला असाच मधे थांबून विचार करत उभा राहिला असता.

तिनं बादली पुढं सारली.

"ऊठ," ती म्हणाली, "पानी पी."

बैल उठला.